गुडघा कोणाचा आणि निर्णय कोणाचा?

दापोडीत संध्याकाळी फिरायला निघणाऱ्या आम्हा निवृत्तांच्या बोलण्यात गेल्या काही वर्षांत एक शब्दप्रयोग रूढ झाला आहे : ‘वंगण संपले.’ ज्या वस्तीने आयुष्यभर यंत्रांना वंगण घातले तिला आपल्या गुडघ्यांची व्यथा सांगायलाही यंत्राचीच भाषा सापडावी, हे स्वाभाविक आहे. कोणी फिटर होता, कोणी ओतशाळेत होता, कोणी एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत, तर कोणी नदीपलीकडे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. पूर्वी आमच्या गप्पांत बोनस, महागाई भत्ता आणि मुलांच्या नोकऱ्या हे विषय असत. आज त्या जागी एकच प्रश्न आला आहे : गुडघे बदलून घ्यायचे की नाही?

प्रश्न वरकरणी खासगी आहे. एका राजकीय साप्ताहिकाच्या मतपानावर त्याला जागा कशाला, असे वाचकांना वाटेल. मलाही प्रारंभी तसेच वाटले होते. परंतु स्वतःच्या गुडघ्यासाठी उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की, हा निर्णय आपण एकटे घेत नसतो. बाजार, सरकार, आपण केलेले काम आणि आपण राहतो ते घर, या साऱ्यांचा त्यात हात असतो. म्हणून हा लेखप्रपंच.

माझे वय सहासष्ट. पस्तीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले आणि बहुतांशी उभ्यानेच शिकवले. गेल्या पावसाळ्यात जिना उतरताना डाव्या गुडघ्यातून कळ येऊ लागली, पुढे उजवाही कुरकुरू लागला. महामार्गालगतच्या एका खासगी रुग्णालयात गेलो. तेथील डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र उजेडासमोर धरले, हाडावर हाड घासू लागल्याचे सांगितले आणि दोन्ही गुडघे एकदम बदलण्याचा सल्ला दिला. त्यानंतर एका समुपदेशक म्हणविणाऱ्या तरुणीने छापील दरपत्रक पुढे केले. दोन्ही गुडघे एकत्र केल्यास दरात सवलत होती आणि सवलतीची मुदत महिनाअखेर संपत होती. डॉक्टरांच्या खोलीत मी सात मिनिटे होतो. रात्री झोप लागते का, किती चालवते, घरी जिने किती आहेत, आजवर कोणता व्यायाम केला, यांपैकी एकही प्रश्न मला विचारण्यात आला नाही. कापडाच्या दुकानातील सेल मी पाहिले होते. माणसाच्या सांध्यांचा सेल प्रथमच पाहत होतो.

त्यानंतर सरकारी सेवेत उभी हयात घालवलेल्या एका वृद्ध अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तेच चित्र पाहिले, बाजूला ठेवले आणि अर्धा तास मलाच बोलते केले. चालायला लावले, खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावले, मांडीचे स्नायू चाचपून पाहिले. मग म्हणाले, “प्रोफेसर, शस्त्रक्रिया फोटोवर करायची नसते, माणसावर करायची असते. तीन महिने मांडीचा व्यायाम करा, सहा किलो वजन उतरवा, बाहेर जाताना काठी घ्या. मग या. तेव्हाही रात्रीची झोप मोडत असेल तर मी स्वतःच सांगेन, की करून टाका.”

चित्र एक, रोगी एक, आणि सल्ले मात्र दोन. या तफावतीचे मूळ कशात आहे, हे तपासणे माझ्या जुन्या विषयाच्या कक्षेत येत होते.

आरंभीच एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. गुडघारोपण ही वैद्यकशास्त्राची थोर देणगी आहे. १९५० च्या दशकात वॉल्डियस आणि शायर्स या शल्यविशारदांनी बिजागरीसारखे कृत्रिम गुडघे बसवून पाहिले, पण ते सैल होत. माणसाचा गुडघा केवळ बिजागरीसारखा उघडमीट करीत नाही, तो वाकताना किंचित घरंगळतो आणि वळतोही. ही गोष्ट ओळखून कॅनडाच्या फ्रँक गन्स्टन यांनी इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात १९६८ मध्ये धातू आणि प्लॅस्टिक यांचा नव्या रचनेचा सांधा बसवला. त्या रचनेचे एकस्व त्यांनी घेतले नाही, हे नफ्याशिवाय संशोधन होत नाही असे मानणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. पुढे न्यूयॉर्कमध्ये इन्सॉल, रानावत आणि वॉकर यांनी सिद्ध केलेला सांधा १९७४ पासून वापरात आला. आजचे बहुतेक कृत्रिम गुडघे त्याच घराण्यातले आहेत. यांतील डॉ. चित्तरंजन रानावत हे भारतीय. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजव्या गुडघ्यावर जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांनीच शस्त्रक्रिया केली. देशाच्या पंतप्रधानांचे दोन गुडघे आठ महिन्यांच्या अंतराने बदलले गेले. आमच्या महामार्गावर मात्र ते एका दिवसात आणि सवलतीत उरकण्याची घाई असते. दोन्ही गुडघे एकाच वेळी करणे काही निरोगी रुग्णांना मानवते, परंतु वयस्कर माणसाच्या हृदयावर आणि फुप्फुसांवर त्याचा भार अधिक पडतो. तो निर्णय प्रकृती पाहून व्हावा, दरपत्रक पाहून नव्हे.

शास्त्र याविषयी काय सांगते? डेन्मार्कमध्ये झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. गुडघारोपणास पात्र ठरलेल्या शंभर रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. एका गटाला शस्त्रक्रिया आणि त्यानंतर व्यायाम, आहार, शिक्षण व औषधे असा कार्यक्रम दिला. दुसऱ्याला शस्त्रक्रियेविना तोच कार्यक्रम दिला. वेदना आणि हालचाल यांच्या शंभर गुणांच्या मापावर वर्षअखेर पहिल्या गटाची सुधारणा सुमारे साडेबत्तीस गुणांची होती, दुसऱ्याची सोळा गुणांची. म्हणजे शस्त्रक्रियेचा लाभ दुप्पट झाला, हे मान्य करावे लागते. परंतु दुसऱ्या गटातील पन्नासांपैकी तेराच जणांना त्या वर्षात शस्त्रक्रिया करून घ्यावीशी वाटली, आणि गंभीर स्वरूपाचे अपाय पहिल्या गटात चोवीस, तर दुसऱ्यात सहा झाले. या आकड्यांचा अर्थ ज्याचा त्याने आपल्या वेदनेशी ताडून लावायचा आहे. ज्याची झोप उडाली आहे, ज्याला शंभर पावले चालवत नाही, त्याला साडेबत्तीस गुण मोलाचे वाटतील. ज्याचे सोळा गुणांत भागते त्याने शरीरावर सुरी का चालवून घ्यावी?

आणखीही काही गोष्टी रुग्णाला ठाऊक असायला हव्यात. शस्त्रक्रियेनंतर सुमारे पाचांतील एक रुग्ण समाधानी नसतो. शंभरांतील सुमारे ब्याऐंशी कृत्रिम गुडघे पंचवीस वर्षे टिकतात असा अंदाज २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि तो आशादायक आहे. परंतु त्याच नियतकालिकातील २०१७ चा एक ब्रिटिश अभ्यास सांगतो की, सत्तरीनंतर गुडघा बदलणाऱ्यांपैकी जेमतेम पाच टक्क्यांना आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागते, तर पन्नाशीच्या आरंभी बदलणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत हा धोका पस्तीस टक्क्यांपर्यंत जातो. दुसऱ्यांदा करावी लागणारी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. उलट, फार काळ थांबून पाय वाकडे होऊ दिले आणि स्नायू सुकू दिले तर लाभही उणावतो. सारांश, घाई नको आणि हयगयही नको. विचाराला काही महिने मिळतात, दुसरा सल्ला घेता येतो. हृदयविकाराच्या झटक्यात ती मुभा नसते, गुडघ्यात असते. ही मुभा रुग्णापासून लपवणे, हीच त्याची पहिली फसवणूक होय.

आता अर्थशास्त्राकडे वळू. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर एक निबंध लिहिला. पुढे १९७२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, पण माझ्या मते तो निबंध त्यांच्या इतर कार्याइतकाच मोलाचा आहे. त्यातील एक विचार मी विद्यार्थ्यांना नेहमी साध्या शब्दांत सांगत असे. भाजी घेताना आपल्याला काय हवे हे आपणास ठाऊक असते, भाजीवाल्याला फक्त भाव सांगायचा असतो. दवाखान्यात मात्र आपल्याला काय हवे हेही विकणाराच सांगतो. माल घेतल्यानंतरही तो आवश्यक होता की नाही, हे ग्राहकाला उमगत नाही. अशा ठिकाणी मागणी आणि पुरवठा यांचा नेहमीचा नियम ग्राहकाचे रक्षण करू शकत नाही. तेथे रक्षण होते ते वैद्याच्या धर्मबुद्धीने आणि समाजाच्या नियंत्रणाने. यांपैकी पहिलीवर बाजाराचा ताण पडत असेल, तर दुसरे अधिक बळकट व्हायला हवे. पुण्यातील डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी प्रामाणिक डॉक्टरांशी बोलून लिहिलेले ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ हे इंग्रजी पुस्तक २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा या ताणाची कबुली खुद्द व्यवसायातूनच आली. माझा रोख डॉक्टरवर्गावर नाही. मला योग्य सल्ला देणाराही डॉक्टरच होता. परंतु ज्या रुग्णालयात शल्यविशारदाचे मोल त्याने महिन्यात किती गुडघे केले यावर ठरते, तेथे धर्मबुद्धीलाही हप्ते फेडावे लागतात.

समाजाचे नियंत्रण शक्य आहे आणि ते परिणामकारकही ठरते, याचा पुरावा याच शस्त्रक्रियेच्या इतिहासात आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयरोहिणीतील स्टेंटचे भाव बांधल्यानंतर राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१७ रोजी कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा जो सांधा सरासरी रु. १,५८,३२४ च्या छापील किमतीला विकला जात होता, त्याची मर्यादा रु. ५४,७२० ठरली. टायटॅनियमसारख्या विशेष धातूंच्या सांध्याची किंमत रु. २,४९,२५१ वरून रु. ७६,६०० वर आली. हे कर वगळून. मधल्या साखळीतील नफ्याचे प्रमाण सरासरी तीनशे टक्क्यांहून अधिक असल्याचे त्या वेळी सरकारनेच सांगितले होते. भाव बांधले तर कंपन्या देश सोडून जातील, असे तेव्हा काहींनी बजावले. कृत्रिम गुडघे त्यानंतरही मिळतच राहिले आणि मर्यादेची मुदत वेळोवेळी वाढवली गेली.

मात्र भाव बांधला तो सांध्याचा. शस्त्रक्रियेचे संपूर्ण देयक मोकळेच राहिले. खोलीचे भाडे, शल्यगृह, भूल, हातमोजे, सुया आणि ‘इतर साहित्य’ या सदरांना कोणतीही मर्यादा नाही. याच प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांच्या देयकांची छाननी केली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा घेतला गेल्याचे आढळले. पिशवीला एका बाजूने गाठ मारली तर दुसरी बाजू फुगणारच. हे ध्यानात न घेणारे नियंत्रण अर्धवट राहते.

येथवर जे लिहिले ते माझ्यासारख्यांविषयी होते. ज्यांना निवृत्तिवेतन आहे आणि मुले परदेशातून खर्च पाठवतात, त्यांना शस्त्रक्रियेकडे ढकलले जाते. आता दुसऱ्या गुडघ्यांविषयी लिहितो.

आमच्या इमारतीत चार घरी धुणी, भांडी आणि फरशी करणाऱ्या मावशी एकोणसाठ वर्षांच्या आहेत. तीस वर्षे त्यांचे हेच काम. माझ्या गुडघ्याचे चित्र आणि त्यांच्या गुडघ्याचे चित्र शेजारी शेजारी ठेवले, तर शस्त्रक्रियेची गरज कोणाला अधिक आहे हे सांगायला डॉक्टर लागणार नाही. त्यांचे पाय बाहेरच्या बाजूस धनुष्यासारखे वाकले आहेत. जिना त्या एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढतात. रात्री कुशीवर वळताना जाग येते, आणि जाग आली की दुसऱ्या दिवशीच्या फरश्या आठवतात, असे त्या सांगतात. वेदनेवर त्यांचा उपाय म्हणजे औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी. अशा गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यास पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होते, ही किंमत कोणत्याच देयकात धरली जात नाही.

हे गुडघे आपोआप झिजले काय? वय, वजन आणि आनुवंशिकता यांचा वाटा आहेच. परंतु गुडघे टेकून, उकिडवे बसून आणि जड ओझी उचलून केलेल्या कामाने झिजेचा धोका वाढतो, हे अनेक देशांतील अभ्यासांनी दाखवून दिले आहे. जर्मनीने २००९ मध्ये अशा झिजेचा व्यवसायजन्य आजारांच्या यादीत समावेश केला. आयुष्यात किमान १३,००० तास आणि पाळीमागे किमान एक तास असे काम केलेले असावे, अशी अट घातली. त्याच वर्षी ब्रिटनने कोळसा खाणकामगारांच्या गुडघ्यांच्या झिजेला व्यवसायजन्य आजार मानले. मी मावशींचा हिशेब करून पाहिला. दिवसाला तीन तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले, तरी १३,००० तास साडेचौदा वर्षांत भरतात. त्यांनी ती मर्यादा दोनदा ओलांडली आहे. आपल्याकडे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत गुडघ्यांच्या झिजेला जागा नव्हती, आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या अनुसूचीतही ती नाही. फरशी बसवणारा गवंडी असो, ओतशाळेतील साचेकामगार असो की फरशी पुसणारी स्त्री असो, त्याचा गुडघा आपल्या कायद्याच्या दृष्टीने केवळ म्हातारा होतो. कामाने तो झिजत नाही!

सरकारी योजनाच नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. कर्मचारी राज्य विम्याचे रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरात आहे, आणि पुरेशी वर्षे विमाधारक राहिलेल्या निवृत्त कामगाराला नाममात्र वर्गणीत पती-पत्नी दोघांच्या उपचारांची सोय ठेवलेली आहे. ठेकेदाराच्या हाताखाली आज या कारखान्यात तर उद्या त्या कारखान्यात राबलेल्या कामगाराची मात्र ती वर्षेच भरत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांना खुली करून तिची मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान योजनेचे पाच लाखांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. ही पावले स्वागतार्ह आहेत. तेव्हा मावशींना पैशाअभावी शस्त्रक्रिया नाकारली जाईल, असे निदान कागदावर तरी म्हणता येणार नाही.

म्हणून एके दिवशी मी त्यांना कागदपत्रे घेऊन यायला सांगितले. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात चौकशीला बरोबर येतो, असेही म्हटले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, गुडघा नवा बसवतील हो. पण मी बसू कुठं?”

या एका वाक्यात मला माझ्या साऱ्या आकडेमोडीतून न दिसलेली गोष्ट दिसली. त्यांची खोली दहा बाय बाराची. स्वयंपाक जमिनीवर, झोप जमिनीवर. शौचालय वस्तीचे सामायिक आणि उकिडवे बसण्याचे. उकिडवे बसायला गुडघा जितका मुडपावा लागतो तितके बहुतेक कृत्रिम गुडघे वाकत नाहीत, आणि वाकले तरी तसे न बसण्याचा सल्ला दिला जातो. शस्त्रक्रियेनंतर निदान दोन-तीन महिने काम बंद. फरशी पुसण्याचे काम तर कायमचेच सुटले. त्या तीन महिन्यांची मजुरी कोणतीही योजना देत नाही. चार घरांची कामे तेवढे दिवस मोकळी राहणार नाहीत, दुसरी कोणी ती धरील. व्यायामासाठी भौतिकोपचार केंद्रात जायचे तर रिक्षाचे पैसे आणि बरोबर एक माणूस हवा. सून कारखान्यात ठेक्यावर जाते. विमा शस्त्रक्रियेचा आहे. शस्त्रक्रियेनंतर जगायचे कसे, याचा विमा नाही.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सांध्यांची गंभीर झीज असलेल्यांपैकी निश्चितपणे शस्त्रक्रियेस तयार असणारे १५ टक्क्यांहून अधिक नव्हते. ज्या देशात उपचार सर्वांना विनामूल्य आहेत तेथेही माणसे ‘नको’ म्हणतात, आणि त्या नकाराचा मान राखला पाहिजे. परंतु मावशींचे ‘नको’ त्या जातीचे नाही. नकार देण्यासाठी होकाराची शक्यता खरी असावी लागते. माझ्यापुढे दोन वाटा होत्या म्हणून मी निवड केली. त्यांच्यापुढे एकच वाट आहे आणि तिला आपण ‘पेशंटची इच्छा’ म्हणतो.

मग काय केले पाहिजे? माझ्या मते पाच गोष्टी तातडीच्या आहेत. पहिली, महानगरपालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात गुडघ्यांच्या व्यायामाचा तीन महिन्यांचा वर्ग असावा, आणि तो कामावरून सुटल्यानंतर भरावा. याला यंत्र लागत नाही. एक भौतिकोपचारतज्ज्ञ, एक सतरंजी आणि काही खुर्च्या पुरतात. कमी झालेल्या प्रत्येक किलो वजनामागे पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो, हे तेथे शिकवले जावे. दुसरी, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत दुसरा सल्ला घेण्याचा हक्क नमूद आहे. पूर्वनियोजित प्रत्येक गुडघारोपणाआधी, विक्रीत हितसंबंध नसलेल्या सार्वजनिक रुग्णालयातून तो विनामूल्य मिळावा. तिसरी, केवळ सांध्याचा नव्हे, संपूर्ण शस्त्रक्रियेचा दर ठरावा आणि तो रुग्णालयाच्या दारात लागावा.

चौथी, बसवलेल्या प्रत्येक सांध्याची नोंद कायद्याने बंधनकारक व्हावी. स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ मध्येच सुरू केली. आपल्याकडे शल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक आहे. त्याचा परिणाम खुब्याच्या बाबतीत आपण भोगला आहे. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील कंपनीने सदोष ठरलेले कृत्रिम खुबे २०१० मध्ये जगभरातून परत घेतले. भारतात त्यांच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि त्यांतील बहुसंख्य रुग्णांचा पुढे मागच लागला नाही. पाचवी गोष्ट कामगार संघटनांनी हाती घ्यावयाची आहे. गुडघ्यांची झीज व्यवसायजन्य आजारांच्या अनुसूचीत यावी, शस्त्रक्रियेनंतरच्या काळात असंघटित कामगाराला मजुरीची भरपाई मिळावी, आणि वस्तीच्या प्रत्येक सामायिक शौचालयात निदान दोन बैठी कमोडे आणि धरायला दांडी असावी. शेवटची मागणी क्षुल्लक वाटेल. पण तिच्यावाचून लाखो रुपयांचा कृत्रिम गुडघा निरुपयोगी ठरतो.

या मागण्यांना पैसा कोठून आणायचा, असा प्रश्न विचारला जाईल. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान रक्कम २०१४ मध्ये दरमहा एक हजार रुपये ठरवून जो देश आपल्या कामगारांना त्यात भागवा म्हणून सांगतो, त्याने हा प्रश्न विचारण्यापूर्वी थोडा विचार करावा. पिंपरी-चिंचवडचे वैभव ज्या पायांवर उभे राहिले ते पाय कोणाचे होते, हे नगराच्या जमाखर्चात कोठे तरी दिसले पाहिजे.

माझ्यापुरता निर्णय झाला आहे. तीन महिने नेमाने व्यायाम केला, वजन पाच किलोने उतरले. उजवा गुडघा जवळजवळ शांत आहे. डावा जिना उतरताना अजून दुखतो, पण झोप लागते आणि काठीच्या आधाराने दापोडी स्थानकापर्यंत जाऊन येतो. सबब सध्या शस्त्रक्रिया नाही. ज्या दिवशी दुखणे रात्री उठवू लागेल आणि स्थानक दूर वाटू लागेल, त्या दिवशी मी एकच गुडघा बदलून घेईन आणि विज्ञानाचे आभार मानीन. मला त्याची भीती उरलेली नाही, कारण तो निर्णय आता माझा आहे.

मावशींचा निर्णय अजून त्यांचा झालेला नाही. त्यांच्या वस्तीतील शौचालयात कमोड बसवावे, अशा मागणीचा अर्ज आम्ही काही शेजाऱ्यांनी क्षेत्रीय कार्यालयात दिला आहे. इमारतीतील चारही घरांनी तीन महिन्यांचा पगार चालू ठेवण्याचे आणि त्यानंतर केवळ उभ्याने करावयाचे काम देण्याचे कबूल केले आहे. त्यासाठी दोन बैठका आणि बरीच वादावादी झाली, हेही नमूद करतो. चार घरांची कबुली म्हणजे कायदा नव्हे, आणि पाचव्या इमारतीतील बाईला तिचा उपयोग नाही. म्हणूनच हा प्रश्न घराघरांच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. पुढच्या आठवड्यात मावशी आणि मी कागदपत्रे घेऊन पिंपरीला जाणार आहोत. मी काठी टेकत आणि त्या भिंत धरत.